उतरताना दिसलं पाहिजे

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा असो की जुहूची चौपाटी, अंधार पडला की खेळणीवाल्यांच्या रांगेतून एक निळा ठिपका सणकन वर जातो. झाडाच्या शेंड्यापलीकडे पोचून क्षणभर थबकतो आणि भिरभिरत, गोल फिरत खाली येतो. विकणारा पोरगा तो झेलतो, रबरात अडकवतो, पुन्हा सोडतो. भोवती लहान मुलं जमलेली असतात आणि त्यांच्यामागे खिशाला हात लावून उभे असलेले बाप.

खेळणं हातात घेऊन पाहिलं तर त्यात फारसं काही नसतं. बोटभर प्लॅस्टिकची दांडी, दोन लवचीक पाती, एक रबरबँड, पोटात एलईडी आणि बटणाएवढी बॅटरी. वर जाताना हवेच्या दाबानं पाती मिटतात आणि ते सरळ तीरासारखं जातं. वेग संपला की पाती उघडतात, खालून येणाऱ्या हवेनं फिरू लागतात आणि उतरण्याचा वेग कमी करतात. यात इंजिन नाही, दारू नाही, धूर नाही. तरी रात्रीच्या रॉकेटचा गाभा या खेळण्यात आलेला आहे: जे वर गेलं ते परत यायला हवं, आणि येताना दिसायला हवं.

दिवाळीतल्या रॉकेटचा स्वभाव याच्या उलट. त्याला परत यायचंच नसतं. वर जाऊन फुटलं की काम संपलं. काडी कुणाच्या गच्चीवर पडली याची चौकशी कुणी करत नाही. आपल्याकडे दारूकामाची हौस जुनी आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतल्या आतषबाजीचं वर्णन ऐकवलं आणि मग पर्वतीच्या पायथ्याशी तसा देखावा करून दाखवला, असं पेशव्यांची बखर सांगते. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिताना या उल्लेखाची दखल घेतली आहे. पण या साऱ्या परंपरेत बघणाऱ्याची मान वर असते आणि लक्ष स्फोटाकडे. उतरणाऱ्या नळीचं कौतुक हे गेल्या सत्तर वर्षांतलं.

ते सुरू झालं अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी. तिथं ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा बुटांचा दुकानदार होता आणि त्याला दारूकामाचा नाद होता. १९५४ च्या सुमारास त्यानं कागदी नळीचं, लाकडी टोकाचं छोटं रॉकेट केलं. माथ्यावर पोचल्यावर त्याच्या पोटातून हवाई छत्री बाहेर पडायची आणि रॉकेट हळूहळू जमिनीवर यायचं. नाव ठेवलं ‘रॉक-ए-शूट’. स्पुटनिकच्या काळात अमेरिकेतली पोरं गॅरेजमध्ये लोखंडी नळ्यांत दारू ठासून बोटं गमावत होती. जी. हॅरी स्टाइन या रॉकेटतज्ज्ञानं त्यावर मासिकातून लेख लिहिला आणि तो वाचून कार्लाइलनं आपली रॉकेटं त्याच्याकडे पाठवली. १९५७ मध्ये अशी छोटी रॉकेटं उडवण्याच्या छंदाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. नियम साधे होते: धातूची नळी नको, मोटर कारखान्यात बनलेलीच घ्यायची, पेटवायची ती विजेच्या तारेनं आणि लांबून, काडीपेटीनं कधीच नाही. पुढं व्हर्न एस्टेस यानं या मोटरी भराभर तयार करणारं यंत्र बनवलं आणि छंद शाळाशाळांत पोचला.

अशी एक मोटर जवळून पाहू. ‘सी६-५’ ही या छंदातली सर्वांत परिचित. कागदी नळी, ७० मिलिमीटर लांब, १८ मिलिमीटर जाड. ‘सी’ हे अक्षर एकूण आवेग सांगतं, ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या मधला. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन. शेवटचा ५ म्हणजे दारू जळून संपल्यावर छत्री बाहेर फेकणारा बार उडेपर्यंतचे पाच सेकंद.

आता घड्याळ लावा. सत्तर-ऐंशी ग्रॅम वजनाचं रॉकेट या मोटरीवर सुटलं की ज्वाळा दिसते दोन सेकंदांपेक्षा कमी. पुढचे पाच सेकंद ते निव्वळ वेगाच्या जोरावर चढतं. दोनशे मीटरच्या आसपास छत्री उघडते आणि सेकंदाला चार मीटर वेगानं उतरायला पन्नास सेकंद लागतात. म्हणजे जेमतेम मिनिटभराच्या उड्डाणात रॉकेट स्वतःच्या उजेडानं दिसतं ते पहिले दोन सेकंद, आणि छत्रीचा बार उडताना एक ठिणगी. बाकी सगळा अंधार. दिवसा हा मधला काळ धुराच्या रेषेवर निभावतो, रात्री धूरही दिसत नाही. रात्रीच्या उड्डाणात दिवा लावतात तो या अंधाऱ्या पंचावन्न सेकंदांसाठी. शोभा ही वरकमाई.

दिवा कोणता, हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. पूर्वी काहीजण रासायनिक कांडी वापरत, वाकवली की आतली कुपी फुटते आणि दोन द्रव मिसळून थंड उजेड पडतो ती. पण थंडीत ती मंद होते आणि एकदा पेटवली की विझवता येत नाही. एलईडी आल्यावर हा प्रश्न संपला. पाच मिलिमीटरचा एलईडी आणि सीआर२०३२ जातीची तीन व्होल्टची बटण-बॅटरी, वजन सगळं मिळून चारेक ग्रॅम. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा माल चिल्लर पैशांत मिळतो.

पहिली अडचण येते ती एलईडीच्या डोक्यामुळे. त्याचा घुमटाकार माथा भिंगाचं काम करतो आणि उजेड अरुंद झोतात पुढे फेकतो. रॉकेट सरळ वर जाताना झोत खाली असला तर डोळे दिपतात. छत्रीला लटकून रॉकेट आडवं झालं की तोच दिवा गायब. उपाय फुकटातला आहे: काचकागदानं तो घुमट घासून धुरकट करायचा, किंवा एलईडी टेबलटेनिसच्या चेंडूत बसवायचा. उजेड चारी दिशांना पांगतो. ढोबळ हिशेबानं असा एक पांढरा एलईडी पूर्ण तेजानं जळत असेल तर दोनशे मीटरवरून व्याधाच्या ताऱ्याच्या आसपास तेजस्वी दिसतो. आणि इथंच दुसरी अडचण: ताऱ्यांनी भरलेल्या आभाळात आणखी एक तारा कोण ओळखणार? म्हणून माझं मत हिरव्याच्या बाजूनं. नुसत्या डोळ्यांना हिरवा दिसणारा तारा आभाळात नाही आणि डोळ्याची संवेदनाही हिरव्याच्या आसपास सर्वाधिक असते.

बॅटरीची बैठक हा नवख्यांना दगा देणारा भाग. सुटताना सी६ चा रेटा क्षणभर १४ न्यूटनांपर्यंत जातो. सत्तर ग्रॅमच्या रॉकेटला म्हणजे गुरुत्वाच्या वीसपट त्वरण. तीन ग्रॅमची बॅटरी त्या क्षणी साठ ग्रॅमची होऊन मागं रेटते. बॅटरीची स्प्रिंग त्या बाजूला असेल तर ती दबते, जोड तुटतो, दिवा विझतो. म्हणून बॅटरी अशी बसवायची की सुटतानाचा धक्का तिला जोडावर दाबेल, जोडापासून दूर नेणार नाही.

आणि दिवा ठेवायचा कुठं? पंखांवर दिवे लावले तर दिसतात झकास, पण तिथं गोची आहे. रॉकेट सरळ जायचं तर त्याचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढं, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढं हवा. शेपटीला वजन चढवलं की गुरुत्वमध्य मागं सरकतो आणि रॉकेट आभाळात कोलांट्या खातं. दाबाचा मध्य काढायचं गणित जेम्स बॅरोमन या अभियंत्यानं १९६६-६७ मध्ये छंदवाल्यांसाठी सोपं करून दिलं, पण मैदानात त्याहून सोपी परीक्षा आहे. मोटर आणि दिवे बसवलेलं रॉकेट गुरुत्वमध्यापाशी दोरीत बांधायचं आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढं ठेवून फिरलं तर पास. आडवं झालं किंवा शेपूट पुढं आलं तर टोकात थोडी चिकणमाती ठासायची आणि पुन्हा फिरवायचं. दिवा टोकातच बसवला तर ही मातीही वाचते.

टोकातला दिवा हिरवा ठेवला आणि नळीत आणखी एक लाल लावला तर एक वेगळा फायदा होतो. छत्रीचा बार उडाला की टोक आणि नळी वेगळी होऊन एकाच दोरीनं लटकतात. दोन्ही ठिपके एकत्र डोलत येत असतील तर सगळं ठीक. हिरवा रेंगाळतोय आणि लाल झपाट्यानं खाली येतोय असं दिसलं तर दोरी तुटली हे समजायचं, आणि खाली उभ्या असलेल्यांना ओरडून सांगायचं. दिवसाढवळ्या ही गोष्ट इतक्या लवकर कळत नाही.

बघणाऱ्याच्या डोळ्यांकडेही पाहायला हवं. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोटरीची ज्वाळा ती कमाई एका झटक्यात घालवते. म्हणून एका गड्यानं सुटण्याच्या वेळी मुद्दाम पाठ फिरवून उभं राहावं आणि ज्वाळा विझल्यावर वर पाहावं. हे काम कुणालाच नको असतं, कारण सगळ्यांना बघायची असते ती ज्वाळाच. दुसरा घोटाळा असा की काळ्या पार्श्वभूमीवरच्या एकट्या ठिपक्याचं अंतर डोळ्याला कळत नाही, आणि स्थिर ठिपकाही थोड्या वेळानं हलल्यासारखा भासतो. चार माणसं चार उंच्या सांगतात, आणि चौघंही शपथेवर. मग मोजायचं. सुटण्याच्या जागेपासून शंभर मीटरवर उभं राहून कोनमापकाला ओळंबा बांधायचा आणि माथ्यावरचा कोन वाचायचा. ६३ अंश आला तर उंची १९६ मीटर. रॉकेट वाऱ्यानं कलतं, म्हणून दोन बाजूंनी दोघांनी मोजलेलं बरं. हे काम रात्री दिवसापेक्षा सोपं जातं, कारण नेम धरायला ठिपका असतो.

खरी गंमत कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा तिकाटण्यावर लावून पडदा आठ-दहा सेकंद उघडा ठेवला तर स्थिर दिव्याची सलग रेघ उमटते. दिसायला सुंदर, पण वेगाबद्दल ती काही सांगत नाही. त्याऐवजी दिवा सेकंदाला दहा वेळा लुकलुकवला (५५५ क्रमांकाच्या टायमर आयसीवर हे मंडल डिप्लोमाचा कुठलाही विद्यार्थी जोडून देतो), तर रेघेचे ठिपके होतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे घड्याळाचा एक ठोका. सुटण्याच्या जागी तीन मीटरच्या बांबूला दोन टोकांना दोन दिवे बांधून ठेवले की मापपट्टीही फोटोतच आली.

ज्वाळा चालू असताना ठिपक्यांमधलं अंतर वाढत जातं; वेग सेकंदाला सत्तर मीटरवर गेला तर दोन ठिपक्यांत सात मीटर. इंजिन विझलं की अंतर आखडू लागतं. आता दर पाचवा ठिपका घ्या, म्हणजे अर्ध्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब. नुसतं गुरुत्व असतं तर प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा अडीच मीटरनं आखूड झाला असता. पण इंजिन विझल्याबरोबरचे टप्पे याच्या जवळपास दुपटीनं घटतात, आणि माथ्याजवळ मात्र घट बरोबर अडीच मीटरवर येते. हा वरचा फरक हवेच्या विरोधाचा. वेग जास्त तेव्हा विरोध जास्त. वेग सरला की उरतं ते फक्त गुरुत्व. शाळेच्या पुस्तकातलं सूत्र आणि त्या सूत्रानं सोडून दिलेली हवा, दोन्ही एकाच फोटोत दिसतात. कॅमेरा मात्र निदान शंभर-दीडशे मीटर लांब हवा, नाहीतर तिरकस नजरेमुळे वरची अंतरं खोटी आखूड दिसतात.

बाजारात स्वतःहून लुकलुकणारे एलईडी मिळतात, ते या कामाचे नाहीत. ते सेकंदाला दीड-दोनदा उघडझाप करतात. तेवढ्यात रॉकेट चाळीस मीटर पुढं गेलेलं असतं आणि डोळा भलतीकडेच शोधत राहतो. डोळ्यासाठी स्थिर दिवा, कॅमेऱ्यासाठी भराभर लुकलुकणारा.

आभाळात उजेड सोडून मोजमाप करायची ही युक्ती भारतीय अवकाशकार्यक्रमाच्या पहिल्याच उड्डाणात वापरली गेली होती. केरळातलं थुंबा, तारीख २१ नोव्हेंबर १९६३, वेळ संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटं. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे विक्रम साराभाईंच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी, आणि ही जागा शोधण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अमेरिकेनं दिलेलं नायकी-अपाची रॉकेट त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जाक ब्लामाँ यांचं सोडियमच्या वाफेचं उपकरण घेऊन वर गेलं. वेळ संध्याकाळची निवडली होती ती मुद्दाम. जमिनीवर सूर्य मावळलेला असतो, पण शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवर ऊन असतंच. त्या उन्हात सोडियमची वाफ रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांसारख्या रंगानं उजळते. त्या दिवशी तो नारिंगी ढग दक्षिणेत दूरदूरवरून लोकांनी पाहिला. वेगवेगळ्या ठिकाणांहून अशा ढगाचे फोटो घेतले की तो कुठं आणि किती वेगानं सरकतो ते काढता येतं, आणि एरवी हाती न लागणारा वरच्या थरातला वारा मोजता येतो. कोनमापक घेऊन उभी असलेली दोन पोरं आणि थुंब्याचे कॅमेरे यांत भूमिती एकच आहे.

सारंगखेडा ज्यात येतं त्या नंदुरबार जिल्ह्याला अशा उड्डाणासाठी निसर्गानं बरंच काही दिलंय. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, मधून तापी. धडगाव-अक्कलकुव्याकडं रात्री आभाळ अजून काळं असतं. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेकरू रात्री चढतात तेव्हा एकेक बॅटरी लांबून ओळखू येते. सूर्य मावळला की जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसते आणि खालचा वारा पडतो. दुपारी छत्री अर्धा किलोमीटर वाहून नेणारा वारा रात्री आठला नसतोच. हिवाळ्यात मात्र दव पडतं, पुठ्ठ्याची नळी फुगते आणि टोक आत घट्ट बसून छत्री बाहेरच येत नाही. नळी आधीच वॉर्निश लावून ठेवावी.

पण जागा निवडताना डोळे उघडे हवेत. हिवाळ्यात नंदुरबार शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, उघड्यावर, लाल, कोरड्या. एका ठिणगीचा हिशेब कुणी करून द्यायला नको. फेब्रुवारीनंतर सातपुड्यात सागाची पानं गळून वणव्याचे दिवस येतात. प्रकाशा आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज आहेत. पाण्यात पडलेलं रॉकेट गेलंच समजा.

कायद्याची बाजू याहून महत्त्वाची. अमेरिकेत दीड किलोच्या आतलं आणि १२५ ग्रॅमपेक्षा कमी दारूचं रॉकेट काही साध्या अटी पाळून उडवता येतं. त्याहून मोठ्याला सूर्यास्तानंतर विमान-प्रशासनाची आधी परवानगी लागते. आपल्याकडे दारू भरलेली मोटर म्हणजे स्फोटक. १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम तिला लागू होतात आणि ते राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. किराणा दुकानात जाऊन सी६ मागता येत नाही. व्हिडिओ पाहून स्वयंपाकघरात इंधन शिजवणारे पठ्ठे आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कौतुक नाही. कार्लाइल-स्टाइननी सत्तर वर्षांपूर्वी ज्यापासून पोरांची बोटं वाचवली, तेच हे. मोटरीचं रॉकेट उडवायचं तर परवानगी असलेल्या संस्थेबरोबर, जाणकारांच्या देखरेखीखाली.

शाळेच्या मैदानावर आजच्या आज उडवता येईल असं रॉकेट वेगळं आहे: पाण्याचं. कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, पाण्याची पातळ बाटली नको. कोल्ड्रिंकची बाटली दाब सोसण्यासाठीच बनलेली असते. एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप, दाब साठ पीएसआयच्या आत, दोरी ओढून लांबून सुटका, डोळ्यांवर चष्मा. ओरखडे पडलेली किंवा उन्हात पांढुरकी झालेली बाटली फेकून द्यायची. दिवा बाटलीच्या वर बसवलेल्या कागदी टोकात, पाण्यापासून आणि दाबापासून दूर. रेटा सेकंदाच्या अंशात संपतो, उंची तीसेक मीटर मिळते. आग नाही, ठिणगी नाही, मिरचीवाल्याचे शिव्याशाप नाहीत. ज्वाळाच नसल्यानं डोळेही दिपत नाहीत, आणि ठिपक्यांचा फोटो इथंही तितकाच नीट येतो.

राहिलं ते शोधायचं काम. बटण-बॅटरीवर छोटा दिवा रात्रभर सहज जळतो, म्हणून रॉकेट कपाशीत पडलं तर चालत जाऊन आणता येतं; बांधावर मालक भेटला तर आधी त्याला सांगावं. उसात पडलं तर जाऊ नये. तळोदा-शहादा पट्ट्यात उसात बिबट्या असतो ही ऐकीव गोष्ट नाही, वनखात्याचं रोजचं काम आहे. दिवा कुठल्या सरीच्या रेषेत दिसतोय ते बांधावर खूण करून ठेवायचं आणि ऊन वर आल्यावर चार माणसांनी जायचं.